प्लॅस्टर की स्क्रू? आधी हाड कुठे मोडलंय ते विचारा

जिन्यावर पाय मुरगळला तेव्हा वाटलं, लचक असेल. अम्मीने हळदीचा लेप लावला, मामू हाडवैद्याकडे न्यायला निघाले. एक्स-रेमध्ये मात्र करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं लांब हाड मोडलेलं दिसलं. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ऑपरेशनची तारीख दिली. घरात दोन तट पडले. एक म्हणे प्लॅस्टरच बरं, दुसरा म्हणे स्क्रू टाकून मोकळा हो.

हाड नेमकं कुठे मोडलंय, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. दिवसभर कोडमधली चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधणारा माणूस!

या हाडाच्या अगदी मागच्या टोकाचा तुकडा निघाला असेल, तर बहुतेकदा कडक तळाच्या बुटावर, सोसेल तितकं चालत, सहा-आठ आठवड्यांत भागतं. मोड त्याच्या किंचित पुढे असेल तर प्रकरण वेगळं. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून हाड सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही. हे जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनने १९०२ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही नाचताना स्वतःचा पाय मोडल्यावर.

माझं तेच निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट हिशेब मांडला. प्लॅस्टर घेतलं तर सहा ते आठ आठवडे पाय टेकवायचा नाही, आणि तरीही हाड न जुळण्याचा धोका राहतो. स्क्रूने सहसा लवकर जुळतं, पण भूल, जंतुसंसर्ग, नस दुखावणं, स्क्रू टोचणं हे सगळं त्यात आलं.

मी प्लॅस्टर निवडलं. पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर, पगार चालू. खरं तर हा निर्णय हाडाइतकाच माझ्या नोकरीने घेतला. माझा चुलतभाऊ बाइकवरून पार्सल पोहोचवतो. त्याचं हेच हाड मोडलं, तर दोन महिने घरी बसून तो खाणार काय? त्याला 'ऑपरेशन टाळ' असं मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि ऑपरेशन करायचं तर पैसे कुठून, हा प्रश्न आहेच. आपल्या मोहल्ल्यात आरोग्य विमा किती घरांत आहे, ते तुम्हीच मोजा.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत रेघ अजून पुसट दिसत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन आठवडे, आणि सिगारेट पूर्ण बंद, तिने हाड जुळायला उशीर होतो. हे त्यांनी अम्मीसमोर सांगितलं.