पडद्याअलीकडची परिचारिका

दूरस्थ वैद्यकाची चर्चा आपल्याकडे बहुधा तंत्राच्या अंगाने होते. दळणवळणाची जाळी, यंत्रांच्या किमती आणि पडद्यावर प्रकट होणारा शहरातील तज्ज्ञ, एवढ्यात ती आटोपते. २००० साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातले रुग्णालय शहरातल्या तज्ज्ञांशी जोडले गेले, तेव्हा जे कौतुक झाले त्याचा सूर आज पाव शतकानंतरही फारसा बदललेला नाही. मात्र या काळात प्रयोगाची व्यवस्था झाली आहे. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत ती घरबसल्या रुग्णांसाठी खुली झाली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. एक लाखाहून अधिक आरोग्यवर्धिनी केंद्रे त्या वेळी तिला जोडलेली होती. पुढे या केंद्रांचे नामकरण 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे झाले. नावे बदलण्याचा उत्साह आपल्याकडे कधी कमी पडत नाही.

या केंद्रांत पडद्याच्या अलीकडे कोण असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रुग्ण तर असतोच. पण त्याच्या शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती असते. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेदाचे पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत. इतर अनेक राज्यांत मात्र हे पद मुख्यतः परिचर्येची पदवी वा पदविका घेतलेल्यांचे आहे. जोडीला आरोग्यसेविका असते, जिला गाव नुसते 'सिस्टर' म्हणते. दूरस्थ वैद्यकाचा खरा भार या मंडळींवर आहे आणि त्या भाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे.

डॉक्टर रुग्णाला तपासतो तेव्हा तो अनेक कामे एकत्र करीत असतो. तो विचारतो, पाहतो, पोट दाबून बघतो, छातीला नळी लावतो, आणि मग निर्णय घेतो. पडदा मध्ये आला की यांपैकी निर्णय तेवढा पलीकडे राहतो. स्पर्शाचे सारे काम अलीकडे येते. म्हणजे दूरस्थ वैद्यक नवे डॉक्टर निर्माण करीत नाही. ते डॉक्टरच्या श्रमांचे विभाजन करते आणि त्यांतला एक मोठा भाग परिचारिकेकडे सोपवते. रुग्णाचे एसटीचे भाडे वाचते, त्याची बुडणारी मजुरी वाचते, आणि हा लाभ लहान नव्हे. तथापि अहवालात वाढलेली दिसते ती डॉक्टरची उत्पादकता. परिचारिकेचे वाढलेले श्रम कोणत्याच रकान्यात येत नाहीत.

हे श्रम यांत्रिक आहेत असे समजणे ही मोठी चूक ठरेल. लहान मुलाच्या न्यूमोनियाचे उदाहरण घ्या. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल तर तो जलद श्वास मानावा, असा साधा नियम आहे. नियम साधा, मोजणी मात्र साधी नाही. मूल रडत असेल तर आकडा फसवा येतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तरी फसतो. आईला मूल छातीशी घेऊ देऊन, ते शांत झाल्यावर, पोटावरचे कापड बाजूला सारून पूर्ण एक मिनिट मोजावे लागते. पलीकडच्या डॉक्टरला पडद्यावर एवढाच आकडा दिसतो: ५२. त्या ५२ मागे किती सचोटी आणि किती सराव आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. बोटाला लावायच्या प्राणवायूमापकाचेही तसेच. थंड पडलेले बोट, नखावरचा रंग यांनी त्याचे माप बिघडते. शिवाय ते यंत्र काळ्या त्वचेच्या रुग्णांत प्राणवायूची कमतरता लपवण्याचा धोका अधिक असतो, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२० साली दाखवून दिले. यंत्रावर कधी अविश्वास दाखवायचा, हे यंत्र शिकवीत नाही.

त्याहून अवघड काम भाषेचे आहे. आपल्याकडचा रुग्ण 'दुखते' एवढेच म्हणून थांबत नाही. त्याच्या पोटात कळ येते, मुरडा पडतो, गोळा उठतो, आग पडते. छातीत भरून येते. अंगात कसर असते. जिवाची तगमग होते. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया वा गोंडी बोलणाऱ्या बाईचे दुखणे मराठीत आणि मग वैद्यकाच्या परिभाषेत न्यायचे, आणि डॉक्टरने सांगितलेली गोळी, तिची वेळ, तिचे पथ्य पुन्हा त्या बाईच्या बोलीत पोहोचवायचे, हा दुहेरी अनुवाद आहे. त्यात एक शब्द निसटला तर निदान निसटते. १९६३ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने वैद्यकसेवेवरील आपल्या गाजलेल्या निबंधात दाखविले होते, की या सेवेचा दर्जा रुग्णाला आधी पारखून घेता येत नाही, म्हणून तेथे विश्वासाला बाजारभावाहून अधिक महत्त्व येते. आता स्थिती अशी, की डॉक्टरही रुग्णाच्याच जागी येऊन बसला आहे. त्यालाही परिचारिकेच्या हातावर विश्वास टाकावा लागतो.

आणि कायदा या नात्याविषयी काय म्हणतो? २५ मार्च २०२० रोजी प्रसृत झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाची संमती घ्यावी, त्याला पद्धतीच्या मर्यादा समजावून सांगाव्यात, तपासणी करून निष्कर्ष डॉक्टरला कळवावेत आणि आणीबाणीत प्रथमोपचार द्यावेत, असे सांगितले आहे. औषधयोजनेची जबाबदारी डॉक्टरची. कागदावर विभागणी स्वच्छ आहे. परंतु चुकीच्या निष्कर्षावर योग्य औषध दिले गेले तर काय, या वादात नोकरीच्या दृष्टीने दुबळा पक्ष कोणता असेल हे सांगायला कायदेपंडित नको. तिची नेमणूक बहुधा कंत्राटी. ठरावीक वेतन आणि त्यावर कामगिरीनुसार मोबदला. कामगिरीत मोजायला सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे सल्ल्यांची संख्या. संख्येला मोबदला जोडला, की रक्तदाब आटोक्यात असलेल्या म्हाताऱ्यालाही पडद्यासमोर बसवले जाईल, आणि ज्या रुग्णाला अर्धा तास लागणार त्याच्याकडे पाहून मनगटावरचे घड्याळ आठवेल. महाराष्ट्रातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये खासगी कंपनीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, त्याकडे केवळ पगाराच्या भांडणाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना हा संदर्भ दिसला नाही.

इंग्लंडचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये तेथे दूरध्वनीवरून सल्ला देणारी सरकारी सेवा सुरू झाली, ती परिचारिकांच्या भरवशावर. २०१४ साली ती बंद झाली. तिच्या जागी आलेल्या १११ क्रमांकाच्या सेवेत फोन उचलणारी बहुतांश माणसे वैद्यकीय शिक्षण नसलेली. संगणक प्रश्न सांगतो, ती ते विचारतात, गरज पडली तर परिचारिकेकडे वा डॉक्टरकडे सोपवतात. खर्च वाचवण्याच्या ओघात परिचारिकेचा विवेकच प्रश्नावलीत बसवता येतो, असा समज होणे किती सोपे आहे, ते यावरून दिसते.

आपल्या महाराष्ट्रात याच्या नेमका उलट धडा उपलब्ध आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखण्याचे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शनसुद्धा देण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या स्त्रिया कोणाचा निरोप पोहोचवीत नव्हत्या. आखून दिलेल्या मर्यादेत त्या स्वतः निर्णय घेत होत्या. अर्थात त्यांच्यामागे सततची देखरेख होती, हे विसरून चालणार नाही. २०१९ च्या वैद्यक आयोग कायद्यातील ३२ व्या कलमाने समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवान्याची वाट खुली केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. अर्धशिक्षित डॉक्टर निर्माण होतील ही त्यांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती; पण पडद्याद्वारे तेच काम परिचारिकेकडून परवान्याविना करून घेतले जाते, तेव्हा ती भीती कोठे जाते, ते कळत नाही.

परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये लागू केलेल्या पदवीच्या अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा विषय आला, हे ठीक झाले. परंतु संगणक हाताळणे हे या कौशल्याचे सर्वांत सोपे अंग आहे. शारीरिक तपासणीचा कसून सराव आणि डॉक्टरला 'मला हे पटत नाही, रुग्णाला आताच जिल्हा रुग्णालयात हलवू या' असे सांगण्याचा अधिकार, या गोष्टी परीक्षेच्या एका पेपरात मावत नाहीत. १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. त्याखालील नियमांत या अधिकाराची व्याख्या व्हावयास हवी: कोणती औषधे ती स्वतः पुढे चालू ठेवू शकते, कोणत्या लक्षणांवर सल्ल्याची वाट न पाहता रुग्ण हलवू शकते आणि तिच्या प्रामाणिक निर्णयाला कायद्याचे कोणते संरक्षण आहे. खर्चाचा प्रश्न निघेल. वाचलेल्या एसटीच्या भाड्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी तिच्या अर्ध्या तासाचाही हिशेब त्याच पानावर मांडावा. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. तपासणी ज्या हातांनी केली त्यांचा नोंदणी क्रमांक आणि त्यांचे स्वतंत्र मतही त्याच चिठ्ठीवर नोंदवले जावे, ही सुधारणा तर उद्यापासूनही करता येईल.