ऐन पेरणीत विकलेला बैल

1 ऑगस्ट 2022 ला रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. तो मिलवॉकीला राहतो. एवढ्या अवेळी फोन म्हणजे घरात काहीतरी झालं असणार, असं वाटून मी घाईघाईनं उचलला. "मामा, हेडरला विकलं," तो म्हणाला. "आपण पहिल्या नंबरावर आहोत, आणि विकलं!"

त्याच्या आवाजातलं ते 'आपण' मी विसरलेलो नाही. जुलै संपत आला की अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ येते आणि दरवर्षी तोच प्रश्न निघतो: चांगला क्लोजर हाताशी आहे, बाजारात त्याला भाव आहे, तर विकावा की ठेवावा? या प्रश्नावर माझं मत त्या रात्री बनायला लागलं. आज ते पक्कं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सामना नऊ इनिंगचा असतो. आपला संघ एक, दोन किंवा तीन धावांनी पुढे असला की नवव्या इनिंगला क्लोजरला बोलावतात. त्यानं तीन गडी बाद करायचे आणि सामना घरी आणायचा. टी-ट्वेंटीचं विसावं षटक रोज एकाच माणसाच्या हाती द्यावं आणि आधीची तीन षटकं त्याला टाकायलाच लावू नयेत, असा हा प्रकार. काम फत्ते झालं की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. ही नोंद शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांच्या डोक्यातून निघाली आणि 1969 मध्ये अधिकृत झाली. पुढे क्लोजरचा पगारच या आकड्यावर ठरू लागला.

जॉश हेडरला मी एकदाच प्रत्यक्ष पाहिलं, 2019 च्या उन्हाळ्यात. मिलवॉकी ब्रुअर्सच्या मैदानाचं नाव तेव्हा मिलर पार्क होतं. आठवी इनिंग संपली, कुंपणामागचं बुलपेनचं, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या जागेचं, दार उघडलं आणि लांब केसांचा एक सडपातळ डावखुरा पोरगा धावत मैदानात आला. सगळं मैदान उभं राहिलं. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. पहिल्या इनिंगपासून ते मांडीवरच्या वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करत होते. हेडर दिसताच त्यांनी नवव्या इनिंगच्या तीन चौकटींत फिकट पेन्सिलीनं तीन 'के' लिहून टाकले. 'के' म्हणजे स्ट्राइकआउट. पहिला चेंडू अजून पडायचा होता. शेवटी त्यातला एकच 'के' त्यांना पुसावा लागला, कारण तो फलंदाज झेल देऊन बाद झाला.

असा माणूस विकायचा का? माझं उत्तर आहे, होय, विकायचा. तो कितीही लाडका असला तरी.

हिशेब सरळ आहे. हंगामात 162 सामने, म्हणजे साधारण 1,458 इनिंग. त्यांतल्या साठ-पासष्ट क्लोजरच्या वाट्याला येतात, जेमतेम चार टक्के. त्यात मिलवॉकी हे पावणेसहा लाख वस्तीचं शहर. तिथल्या संघाची कमाई न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघांच्या जवळपासही जात नाही. खेळाडूची मोठ्या लीगमधली सहा वर्षं भरली की तो मोकळा होतो आणि जास्त पैसे देणाऱ्याकडे जातो. हेडर 2023 च्या अखेरीस मोकळा होणार होता. झालाही, आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोसनं त्याला पाच वर्षांचे साडेनऊ कोटी डॉलर दिले. एवढी रक्कम मिलवॉकी कधीच देऊ शकलं नसतं. जो माणूस दीड वर्षात रिकाम्या हातानं जाणारच आहे, त्याच्या बदल्यात आजच चार खेळाडू मिळत असतील तर ते घेण्यात शहाणपण आहे. इथवर माझा मिलवॉकीच्या व्यवस्थापनाशी काही वाद नाही.

माझा वाद तारखेशी आहे.

माझे आजोबा शेतकरी होते. बैलाला सगळ्यात जास्त भाव मृगाच्या तोंडावर येतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण त्या वेळी तो सगळ्या गावाला हवा असतो. पण त्याच वेळी तो आपल्या शेतालाही हवा असतो. म्हणून बैल विकायचाच झाला तर ते सुगी उरकल्यावर बाजाराला न्यायचे, भाव थोडा पडला तरी. मृगात बैल विकायची पाळी त्याच्यावर येते, ज्याला यंदा पेरायचंच नाही.

मिलवॉकीला त्या वर्षी पेरायचं होतं. 57 विजय, 45 पराभव, आपल्या गटात तीन सामन्यांची आघाडी. 29 सेव्ह नावावर असलेला हेडर सॅन डिएगो पाड्रेसला दिला आणि बदल्यात चौघे घेतले. टेलर रॉजर्स हा क्लोजरच होता, पण त्याचा करार त्या हंगामाअखेरच संपणार होता. डिनेल्सन लॅमेटला दोन दिवसांत संघाबाहेर केलं. मिलवॉकीसाठी त्यानं एकही चेंडू टाकला नाही. उरलेले दोघे, एस्ट्यूरी रुइझ आणि रॉबर्ट गॅसर, ही पुढच्या काळासाठीची गुंतवणूक होती.

व्यवहारानंतरची पहिलीच मालिका पिट्सबर्गशी होती. त्या हंगामात पुरते 100 सामने हरलेल्या पिट्सबर्गनं मिलवॉकीला तिन्ही सामन्यांत हरवलं. व्यवहारानंतरच्या एकूण 60 सामन्यांपैकी मिलवॉकीनं 29 जिंकले, 31 गमावले. हंगाम संपला तेव्हा खात्यावर 86 विजय होते आणि बाद फेरीची शेवटची जागा 87 विजयांच्या फिलाडेल्फियाकडे गेली. एका विजयाचा फरक.

आकडेमोड करणारी मंडळी इथे मला अडवतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. हेडर तेव्हा फॉर्मात नव्हता. 15 जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं एकाच इनिंगमध्ये तीन होमरन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके, दिले. तिसरा माइक यस्ट्रेम्स्कीचा होता, बेस भरलेले असताना मारलेला, आणि त्यावर सामनाच गेला. सॅन डिएगोत गेल्यावर ऑगस्टमध्ये तर त्याची दैना झाली. तो मिलवॉकीतच राहिला असता तर हेच तिथे झालं नसतं कशावरून? शिवाय त्याच डिसेंबरात तीन संघांच्या अदलाबदलीत रुइझला देऊन मिलवॉकीनं अटलांटाचा विल्यम कॉन्ट्रेरास मिळवला. हा यष्टिरक्षक, म्हणजे कॅचर, पुढे देशातल्या उत्तम कॅचरांत गणला गेला. कागदावर पाहिलं तर दीड वर्षाचा क्लोजर देऊन पाच वर्षांचा कॅचर पदरात पडला.

हे सगळं मला मान्य आहे. तरीही तो व्यवहार चुकला असंच मी म्हणेन, कारण व्यवस्थापनाच्या त्या कागदावर एक रकानाच नव्हता.

एप्रिलपासून जवळजवळ रोज सामना असतो. अंगठा दुखतो, गुडघा सुजतो, घरी पोर आजारी असतं, तरी माणूस मैदानात उतरतो, कारण आपण पहिले आहोत आणि यंदा काहीतरी घडेल अशी आशा असते. ब्रुअर्सनी आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकलेली नाही. 1982 मध्ये एकदा तिथवर पोहोचले आणि सेंट लुईसकडून हरले, तेवढंच. अशा संघातल्या अगदी शेवटच्या खेळाडूला ऑगस्टच्या पहिल्या दिवशी कळतं की मालकाच्या मनात यंदाच्या हंगामाइतकाच 2024 चा हंगामही मोलाचा आहे. तो मुद्दाम वाईट खेळत नाही. पण दुखरा अंगठा त्याला आठवू लागतो. हा व्यवहार करणारे डेव्हिड स्टर्न्स यांनी स्वतः नंतर कबूल केलं की ड्रेसिंग रूमवर या सौद्याचा परिणाम त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. ते हुशार आणि सरळ माणूस आहेत. त्यांच्या या कबुलीपुढे माझ्यासारख्यानं वेगळा पुरावा काय द्यावा?

ऑक्टोबरमध्ये हेडरचा हात पुन्हा जमला आणि सॅन डिएगोनं लॉस एंजेलिसच्या बलाढ्य डॉजर्सना घरी पाठवलं. मग पुढच्या फेरीत समोर आलं तेच फिलाडेल्फिया. 23 ऑक्टोबर, पाचवा सामना, आठवी इनिंग, सॅन डिएगो एका धावेनं पुढे. बेसवर एक धावपटू, फलंदाजीला ब्राइस हार्पर. चेंडू टाकत होता रॉबर्ट सुआरेझ. हेडर बुलपेनमध्येच बसून राहिला, कारण त्याची इनिंग नववी! हार्परनं होमरन मारला आणि सॅन डिएगोचा हंगाम तिथेच संपला. क्लोजर नवव्या इनिंगलाच बांधून ठेवायचा, ही मला या खेळातली सगळ्यात महाग सवय वाटते. सेव्हच्या आकड्यावर पगार ठरतो म्हणून खेळाडू तिला चिकटतात आणि खेळाडूंना दुखवायचं नाही म्हणून मॅनेजरही. हाच हेडर 2018 मध्ये सहाव्या-सातव्या इनिंगलाही यायचा, दोन-दोन इनिंग टाकायचा. त्या वर्षी 81 इनिंगमध्ये त्यानं 143 जणांना स्ट्राइकआउट केलं. 2020 मध्ये तो पगाराच्या लवादात हरला आणि त्यानंतर त्याचं काम एका इनिंगपुरतं उरलं. मोठी किंमत मोजून असा माणूस आणणाऱ्यानं तो नक्की कधी वापरायचा हे आधी ठरवावं.

मिलवॉकीचंच दुसरं उदाहरण देतो, कारण या संघाचा शिकण्याचा गुण मला मनापासून आवडतो. हेडरनंतर क्लोजर झाला डेव्हिन विल्यम्स. त्याचा चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, हवेतच वळायचा. 3 ऑक्टोबर 2024 ला बाद फेरीचा निर्णायक सामना होता. मिलवॉकी 2-0 नं पुढे, नववी इनिंग, एक गडी बाद. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर न्यूयॉर्क मेट्सचे धावपटू, समोर पीट अलोन्सो. विल्यम्सनं तोच चेंजअप टाकला आणि अलोन्सोनं तो उजवीकडे कुंपणापार केला. स्टेडियममध्ये एकदम शांतता पसरली. गंमत पाहा, त्या मेट्सचा कारभार तोवर स्टर्न्स यांच्याकडेच आला होता.

डिसेंबरात मिलवॉकीनं विल्यम्सला न्यूयॉर्क यँकीजकडे धाडलं. तो एका वर्षात मोकळा होणार होता, म्हणजे हेडरचीच गोष्ट पुन्हा, पण या वेळी सुगी उरकलेली होती. कोणाचा हंगाम अर्ध्यावर मोडला नाही. मॅनेजर पॅट मर्फी यांना नवी घडी बसवायला फेब्रुवारी-मार्च हे पूर्ण दोन महिने मिळाले. बदल्यात आलेल्या नेस्टर कोर्टेसचा फारसा उपयोग झाला नाही, पण केलेब डर्बिन हा ठेंगणा, चिवट तिसरा बेसमन 2025 च्या सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात तिसरा आला. नवव्या इनिंगची जबाबदारी ट्रेव्हर मेगिलनं घेतली आणि 30 सेव्ह केले. त्या वर्षी मिलवॉकीनं 97 सामने जिंकले. सगळ्या तीस संघांत इतके कोणी जिंकले नाहीत.

ज्याला यंदा पेरायचंच नाही, त्यानं मात्र जुलैतच विकावं आणि भाव वाजवून घ्यावा. 2016 मध्ये यँकीज शर्यतीत मागे पडले होते. घरगुती हिंसाचारविषयक धोरणाखाली त्या वर्षी 30 सामन्यांची बंदी भोगून आलेल्या क्लोजर अरोल्डिस चॅपमनला त्यांनी शिकागो कब्जला दिलं आणि ग्लेबर टोरेस हा पोरगा घेतला. कब्जनी 1908 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही सातव्या सामन्यात चॅपमननं आठव्या इनिंगला बरोबरी करून देणारा होमरन दिल्यानंतर. त्याच डिसेंबरात चॅपमन पैसे घेऊन यँकीजकडे परतलाही, आणि टोरेस 2019 मध्ये त्यांच्यासाठी 38 होमरन मारून बसला. 2025 च्या जुलैत तळाशी रेंगाळणाऱ्या अ‍ॅथलेटिक्सनं ताशी शंभर मैलांहून वेगवान चेंडू टाकणारा मेसन मिलर सॅन डिएगोला दिला आणि अठरा वर्षांचा लिओ डी व्ह्रीस मिळवला. त्यांनी योग्यच केलं. त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये मोडण्यासारखी त्या वर्षीची आशाच नव्हती.

विल्यम्स गेला त्या दिवशी भाच्यानं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याचा मेसेज दिसला: "मामा, विल्यम्स गेला. थर्ड बेसला एक पोरगा आलाय म्हणतात. एप्रिलमध्ये तिकिटं काढतोय, येणार का?"