राजकारण नको, फक्त मते द्या!

मुलगा शिकायला बाहेरगावी निघाला की आमच्या घरांतून त्याला दोन गोष्टी हमखास बजावल्या जातात. नमाज सोडू नकोस आणि राजकारणात पडू नकोस. पहिल्या आज्ञेचे पुढे काय होते ते ज्याचे त्याला ठाऊक. दुसरी मात्र आमची मुले इमानेइतबारे पाळतात. वर्गात निवडणुकीचा विषय निघाला की ती खाली बघतात. हॉस्टेलच्या खोलीत चर्चा रंगली की पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पडतात. 'काय रे, तुमचे लोक या वेळी कोणाला?' असे कोणी थेट विचारलेच, तर हसून वेळ मारून नेतात. 'माझ्या लोकांचे मला माहीत नाही. माझे मत कोणाला आणि का ते सांगतो, बस' असे म्हणणारा मुलगा आम्हाला हवा आहे. तो घडू नये याची चोख व्यवस्था वडीलधाऱ्यांनी, संस्थाचालकांनी आणि पक्षांनी मिळून केली आहे. आमचे भांडण त्या व्यवस्थेशी आहे.

सगळा दोष मोहल्ल्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने आपल्या सगळ्याच मुलांना या बाबतीत नागवले आहे. १९८९ हे साल पाहा. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते याच साली. मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला तोही याच साली. त्या आणि तशा हाणामाऱ्यांचे कारण पुढे करून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांना रजा दिली. आदल्या वर्षी ज्याला गुण जास्त तो वर्गाचा प्रतिनिधी, आणि खेळ, सांस्कृतिक, एन.एस.एस. वगैरेंचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमलेले. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा देशाचा खासदार निवडायला लायक ठरला आणि वर्गाचा प्रतिनिधी निवडायला नालायक! पुढे २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुका परत आणल्या, कागदावर. २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून पुढे ढकलल्या गेल्या. मोठ्यांची निवडणूक आली म्हणून लहानांची रद्द. नंतर कोरोना आला. १९९४ साली कॉलेजात पाऊल टाकलेली मुले आज पन्नाशीला आली आहेत. आपल्यासारख्याच एखाद्या मुलासमोर उभे राहून 'मला मत का द्यावे' हे सांगण्याची पाळी त्यांच्यावर विद्यार्थिदशेत कधी आलीच नाही. आज टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर ओरडणारे प्रवक्ते पाहिले की या पिढीला शाळेत काय शिकवायचे राहून गेले ते कळते.

आमच्या वाचकांनी लिंगडोह समितीचे नाव ऐकले असेल. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या या समितीने विद्यार्थी निवडणुकांसाठी घालून दिलेली आचारसंहिता २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने लागू केली. उमेदवाराचा खर्च पाच हजारांच्या आत, छापील पोस्टरला बंदी, हाताने लिहिलेली चालतील. हा झाला किरकोळ भाग. खरे कलम पुढे आहे. प्रतिस्पर्ध्यावर टीका करायची ती त्याच्या धोरणावर, कार्यक्रमावर आणि कामावर. खासगी आयुष्यावर नाही. जातीच्या किंवा धर्माच्या नावाने मत मागायचे नाही. प्रार्थनास्थळाचा उपयोग प्रचारासाठी करायचा नाही. वीस वर्षांच्या पोरांकडून एवढी अपेक्षा, आणि साठीचे नेते यातले एकही कलम पाळत नाहीत!

पण नेत्यांना हसण्यापूर्वी आपल्या दारात पाहू. निवडणुकीच्या आधीचा शुक्रवार आठवावा. जुम्म्याची नमाज झाली की कोणीतरी उठतो आणि 'कौमच्या भल्यासाठी' एक मशवरा देतो. मशवरा म्हणजे सल्लामसलत; तिच्यात दोघे बोलतात. इथे एकच बोलतो आणि बाकीचे जोडे शोधतात. मग निकालानंतर वर्तमानपत्रे 'गठ्ठा मते' लिहितात आणि आम्हाला राग येतो. राग येणे रास्तच आहे, कारण प्रत्येक समाज कमीअधिक गठ्ठ्यानेच मत देतो आणि नाव मात्र आमचे होते. पण ज्या मुलाला आयुष्यात कधी कोणत्या पक्षाचा जाहीरनामा वाचायला सांगितला नाही, त्याचे मत शेवटी कोणाच्या ना कोणाच्या गठ्ठ्यातच जाणार. त्या गठ्ठ्याला भाव तरी काय मिळाला? २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात आम्ही साडेअकरा टक्के. लोकसभेच्या अठ्ठेचाळीस जागांपैकी २०१४ मध्ये आमचा एकही नाही, २०१९ मध्ये एक, २०२४ मध्ये पुन्हा एकही नाही.

लिंगडोह यांच्या एका शिफारशीशी मात्र आमचा मतभेद आहे. विद्यार्थी निवडणुका राजकीय पक्षांपासून अलग ठेवाव्यात, असे ते म्हणतात. हेतू चांगला आहे, पण पक्षाचे नाव काढून टाकले की राजकारण निघून जात नाही. मागे उरते ती जात, गल्ली आणि वडिलांचा खिसा. पक्ष म्हणजे निदान एक छापील कार्यक्रम तरी असतो. त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारता येतो. मुलांनी काँग्रेसचे, राष्ट्रवादीचे, शिवसेनेचे, भाजपचे, एमआयएमचे, डाव्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावे, नाव घेऊन विरोध करावा आणि विरोध करून झाल्यावर एका ताटात जेवावे. आमची मागणी एवढीच आहे आणि ती फार मोठी आहे.

संस्थाचालक म्हणतात, 'आमच्या आवारात राजकारण नको.' वा! गॅदरिंगला प्रमुख पाहुणे कोण? आमदार. पायाभरणीला? खासदार. आमदारसाहेब दोन तास उशिरा येतात, तोपर्यंत पाचवीच्या पोरी हातात गुच्छ घेऊन उन्हात उभ्या. भाषणात साहेब स्वतःच्या पक्षाचे गोडवे गातात. त्याला राजकारण म्हणत नाहीत, मार्गदर्शन म्हणतात. एका मुलाने उठून 'साहेब, आमच्या रस्त्याचे काय झाले?' विचारले की ते मात्र राजकारण! एका तालुक्याच्या गावी आम्ही वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होते: मोबाईल शाप की वरदान, आई, वृक्षारोपण आणि 'आजचा युवक'. आजच्या युवकावर बोलणारी अकरा मुले झाली, पण त्या युवकाला मत असते हे एकानेही सांगितले नाही. ओळी पाठ, हातवारे पाठ, शेरही पाठ. संयोजकांना विचारले, तर ते म्हणाले, 'वादाचे विषय आम्ही टाळतो.' वादविवाद स्पर्धेच्या ढाली ज्या कपाटात मांडल्या होत्या, त्या कपाटाशेजारीच ते हे बोलत होते.

मराठी मुलखाला ही रीत परकी नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. काही काळ जनसंघही होता. यांच्यात सख्य होते म्हणावे तर तसेही नाही. १९४२ च्या लढ्याला कम्युनिस्टांनी विरोध केला म्हणून समाजवाद्यांच्या मनात केवढा राग! एस. एम. जोशी त्या वेळी भूमिगत होते. दाढी वाढवून इमाम अली या नावाने मुंबईत वावरत होते. (लपायला इमाम अली हे नाव सोयीचे वाटावे असाही एक काळ होता, हे जाता जाता नोंदवतो.) तेच एस. एम. चौदा वर्षांनी समितीचे सरचिटणीस झाले आणि कॉम्रेड डांग्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे आमचे मेहबूब हुसेन पटेल, यांच्या आवाजाने या आघाडीच्या सभा दणाणल्या. ४२ विसरले कोणी नव्हते. राज्य १ मे १९६० ला झाले, समिती पुढे फुटली, जो तो आपल्या पक्षात गेला. पण दोन-चार वर्षे मैदानावर बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी एकाच संध्याकाळी चार पक्षांची चार तऱ्हेची मांडणी ऐकली. आजही पोरांना सभेला नेतात. ट्रकमधून नेतात, टोपी देतात, संध्याकाळी पैसे देतात.

आणि मतभेदाचा अदब आम्हाला कोणी बाहेरून येऊन शिकवायला हवा काय? कोकणातला मुसलमान शाफई, घाटावरचा बहुतेक हनफी. असरची वेळ दोघांची वेगळी. जमातीत फातिहा संपल्यावर एक आमीन मोठ्याने म्हणतो, दुसरा मनातल्या मनात. तरी मुंबईच्या मशिदीत दोघे एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात. खुद्द इमाम शाफईंनी इमाम मालिक यांच्याकडे धडे घेतले, इमाम अबू हनिफांच्या शागिर्दाकडे म्हणजे इमाम मुहम्मद यांच्याकडेही घेतले, आणि मग आपला मार्ग वेगळा मांडला. उस्तादाचा मान राखून उस्तादाशी असहमत होणे ही आमच्या घरची चीज आहे. इख्तिलाफ हा शब्द आमच्या मुलांना मदरशात भेटतो. मशिदीच्या पायऱ्या उतरून चहाच्या टपरीवर आलो की मात्र तो शब्द हरवतो. तिथे एकच चलन चालते, शिक्का मारण्याचे. हा दलवाईवाला. हा तबलिगी. हा काँग्रेसचा पगारी. हा मते फोडणारा. हमीद दलवाईंचे विचार न पटणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि न पटण्याचा त्यांना हक्क आहे. पण त्यांच्या पुस्तकाचे एक पान न उघडता त्यांना उडवणारे त्याहून पुष्कळ आहेत. टपरीवर हे ऐकत वाढलेला मुलगा उद्या भाजपच्या मुलाशी काय बोलणार? एक तर गप्प बसेल, नाहीतर हमरीतुमरीवर येईल.

आता आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'तुम्ही लेख लिहून मोकळे व्हाल. पोर बोलले आणि त्याचे काही बरेवाईट झाले तर?' ही भीती खरी आहे. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला, मूळच्या सोलापूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. समाजमाध्यमावर कोणीतरी टाकलेल्या आक्षेपार्ह चित्रांवरून शहर तापले होते. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने सगळ्या आरोपींना सोडून दिले. ज्या आईबापांनी ही बातमी वाचली ते मुलाला 'गप्प बस' म्हणत असतील तर त्यांना भेकड म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

पण तो मुलगा कोणाशी वाद घालत होता? कोणाशीही नाही. नोकरी, घर, नमाज, एवढेच त्याचे जग होते. गप्प राहणे ही ढाल असती तर ती त्याच्याजवळ होती. तेव्हा गप्प बसण्याने जीव वाचतो हे गणित आम्हाला मान्य नाही. भीतीमुळे बदलते ते एवढेच, की मुलाला एकटे सोडून चालणार नाही. मोबाईलवर रात्री दोन वाजता अनोळखी माणसाशी घातलेला वाद आणि वर्गात, शिक्षकांच्या देखत, नियम ठरवून, समोरच्याचे नावगाव माहीत असताना केलेला वाद यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला आमची मुले रोज घालतात आणि आईबापांना पत्ता नसतो. दुसऱ्याला बंदी! आणि वर्गातल्या बोलण्याची कोणी तक्रार केलीच, तर प्राचार्यांनी मुलाच्या बाजूला उभे राहून सांगायला हवे की विषय आम्ही दिला होता. एवढा कणा किती प्राचार्यांपाशी आहे, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो.

मुलींचे काय? त्यांचे तर नावच कोणी काढत नाही. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. वॉर्ड महिला राखीव झाला की पक्षांना आमच्या लेकीबाळी आठवतात. ज्या मुलीला कॉलेजात हात वर करू दिला नाही, तिला एका रात्रीत उमेदवारी अर्जावर सही करायला बसवतात. पुढे सभागृहात ती गप्प बसते आणि बाहेर मियाँ नगरसेवक म्हणून मिरवतात. लोक तिला हसतात. तिला बोलू कोणी दिले होते?

सरकार निवडणुका घेईल तेव्हा घेईल. आमच्या समाजाच्या ज्या शाळा, ज्युनियर कॉलेजे, डी.एड. कॉलेजे आहेत, त्यांना वाट पाहण्याचे कारण नाही. आठवीपासून वर्गाचा मॉनिटर गुप्त मतदानाने निवडा. पुठ्ठ्याचे खोके पुरते. इतिहासाच्या शिक्षकांनी दोन पक्षांचे जाहीरनामे वर्गात वाचून घ्यावेत आणि ज्या मुलाला जो पक्ष आवडत नाही त्याची बाजू त्यालाच मांडायला लावावी. पाच मिनिटे त्याने ती प्रामाणिकपणे मांडली तर त्याला विरोध करण्याचा अधिकार. हे मराठीत व्हावे, उर्दू माध्यमाच्या शाळांतही. कारण ग्रामसभा, नगरपालिका आणि विधानसभा मराठीत चालतात, आणि तिथे शब्द सापडला नाही म्हणून हात खाली घेणारी आमची माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि येत्या निवडणुकीआधी प्रत्येक कॉलेजाने मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलवावे. ज्याला आपला समाज मत देत नाही त्यालाही. त्याला तर आधी. प्रत्येकाला दहा मिनिटे. प्रश्न मुलांनी विचारायचे, चिठ्ठ्या आधी मॅनेजमेंटला दाखवायच्या नाहीत. घोषणा नाहीत, हार नाहीत, शाल-श्रीफळ नाही. टीका कामावर, कोणाच्या घरावर, बायकोवर, धर्मावर नाही. जो येणार नाही त्याची खुर्ची मंचावर तशीच रिकामी ठेवावी आणि तिच्यावर पक्षाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे.