विश्लेषण : इटलीच्या गुन्हेपटांचं संगीत पुन्हा बाजारात, पण हा आवाज आला कुठून?

गेल्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशातून एक एलपी मागवली. सत्तरच्या दशकातल्या एका इटालियन पोलीसपटाचं पार्श्वसंगीत. पिवळ्या रंगाची रेकॉर्ड, नवंकोरं कव्हर आणि वर ‘फक्त ५०० प्रती’ असा स्टिकर. सीमाशुल्क धरून आकडा इतका झाला की घरी खरा सांगितला नाही.

सुई टेकवली आणि काहीतरी बोथट वाटलं. झांजा वाजत होत्या, पण त्यांची किणकिण गायब होती. इंजिनीअरिंगची जित्याची खोड. रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवली आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम काढला. म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे, याचं चित्र. १६ किलोहर्ट्झच्या वर संपूर्ण काळोख. पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत.

टेपवरचा आवाज असा कापला जात नाही, तो वर जाता जाता विरत जातो. अशी सरळ रेघ साधारण १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलची असते. जागा वाचवायला फाइल बनवतानाच वरचा भाग छाटलेला असतो. थोडक्यात, कुणीतरी इंटरनेटवरची फुकटातली फाइल घेऊन रेकॉर्डवर छापली होती आणि ती मी ‘दुर्मीळ’ म्हणून विकत घेतली होती.

चडफडाट झालाच. पण त्यातून जो शोध सुरू झाला, त्यात कळलेली गोष्ट या फसवणुकीपेक्षा मोठी आहे.

हे संगीत आहे तरी काय?

इटालियनमध्ये ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि रंगाचंच नाव प्रकाराला पडलं. पुढे सिनेमात जाल्लो म्हणजे हातमोजे घातलेला अनोळखी खुनी, चाकू आणि चुकीच्या वेळी चुकीच्या जागी सापडलेला साक्षीदार. त्याला शेजारी ‘पोलित्सिओत्तेस्की’, म्हणजे पोलीसपट. १९६९ च्या डिसेंबरात मिलानच्या पियात्सा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला, १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं अपहरण करून खून झाला. या दोन घटनांच्या मधल्या इटलीत पोलीस, टोळ्या आणि हतबल कायदा हा पडद्यावरचा रोजचाच मसाला होता.

सिनेमे बरेचसे घाईत काढलेले, काही तर आज बघवत नाहीत. संगीत मात्र वेगळ्याच उंचीवर. एन्नियो मोरिकोने आपल्याला वेस्टर्नपटांमुळे माहीत. पण दारियो आर्जेंतो यांच्या १९७० च्या पहिल्याच चित्रपटात त्यांनी अंगाईसारखी धून घेतली आणि खाली बेसूर, मोडकेतोडके आवाज पेरले. मोरिकोने तेव्हा रोममधल्या एका प्रयोगशील वादकगटात ट्रम्पेट वाजवत, तिथली सगळी आगाऊ कारागिरी इथे चालून गेली. १९७२ च्या ‘मिलानो कालिब्रो ९’मध्ये लुईस बाकालोव्ह यांनी तंतुवाद्यांसमोर ओसान्ना हा नेपल्सचा रॉक बँड उभा केला. (हेच बाकालोव्ह पुढे ‘इल पोस्तिनो’साठी ऑस्कर घेऊन गेले.) १९७५ च्या ‘प्रोफोंदो रोस्सो’ची गोष्ट तर सिनेमासारखीच. जॅझ पियानोवादक जॉर्जो गास्लिनी यांचं काम आर्जेंतोंना पटेना, म्हणून गॉब्लिन नावाच्या विशीतल्या पोरांच्या बँडला बोलावलं. त्यांचं शीर्षकसंगीत इटलीत एवढं खपलं की आज अनेकांना सिनेमाच्या आधी ती धून आठवते.

सिनेमे विसरले गेले, मग टेप कशा उरल्या?

याचं उत्तर कलेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे.

इटलीत पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च बहुधा चित्रपटाचा निर्माता करत नसे. तो करी संगीत-प्रकाशक. कॅम, सिनेव्हॉक्स, बीट अशा या रोमच्या कंपन्या. ऑर्केस्ट्राचे पैसे त्या देत, बदल्यात संगीताचे हक्क आणि मूळ टेप आपल्याकडे ठेवत. त्यांचा फायदा कशात? चित्रपटगृहात सिनेमा लागला की तिकिटाच्या पैशातून संगीताचा वाटा एसआयएई या हक्कसंस्थेकडे जमा होई आणि तिथून संगीतकाराकडे व प्रकाशकाकडे येई. सिनेमा पडला तरी टेप मालमत्ता म्हणून कपाटात राही. तीच धून दुसऱ्या सिनेमाला देता येई.

स्तेल्वियो चिप्रियानी यांचं उदाहरण घ्या. १९७३ च्या ‘ला पोलित्सिया स्ता आ ग्वार्दारे’ (पोलीस नुसते बघत उभे राहतात) या पोलीसपटासाठी त्यांनी एक धावती धून केली. तीच १९७७ मध्ये ‘तेंताकोली’ या माणसं गिळणाऱ्या ऑक्टोपसच्या सिनेमात आली. २००७ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनोने ती ‘डेथ प्रूफ’मध्ये वापरली. याला कुणी आळस म्हणेल. मी म्हणेन, याच काटकसरीने टेप जिवंत ठेवली. निर्मात्याच्या कंपन्या बुडाल्या, कोणाकडे निगेटिव्ह गेलं पत्ता नाही, पण प्रकाशकाच्या कपाटातल्या डब्याला क्रमांक होता.

आज पुनर्प्रकाशनाची जी लाट आहे, ती या कपाटांवर उभी आहे. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या फाइंडर्स कीपर्स आणि डेथ वॉल्ट्झ, रोममधल्या फोर फ्लाइज आणि बीट या कंपन्यांनी हा माल बाहेर काढला. कॅमचा साठा आता शुगर समूहाकडे आहे. २०२० मध्ये, मोरिकोने गेले त्याच वर्षी, तिथून निघालेल्या ‘मोरिकोने सेग्रेतो’ या संग्रहात २७ तुकडे होते आणि त्यातले सात त्याआधी कधीच प्रकाशित झाले नव्हते.

टेप आहे, मग अडचण कुठे?

टेप म्हणजे प्लास्टिकच्या फितीवर गोंदाने चिकटवलेली चुंबकीय भुकटी. हा गोंद हवेतली ओल शोषतो. विशेषतः सत्तरच्या मध्यापासून बनलेल्या काही टेप त्यामुळे चिकट होतात. यंत्रावर लावल्या तर किंचाळतात आणि भुकटी हेडवर सोडतात. म्हणजे ऐकता ऐकता गाणं खरवडलं जातं. उपाय ऐकून हसू येईल: टेप भाजतात. साधारण ५० ते ५५ अंशांवर, कित्येक तास, सावकाश. ओल निघून गेली की काही आठवडे ती नीट चालते. तेवढ्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यायची. नंतर ती पुन्हा चिकट होते.

हे काम वेळखाऊ, महाग आणि कोणाला न दिसणारं आहे. रेकॉर्डचा पिवळा रंग मात्र दुकानात लगेच दिसतो. माझा आक्षेप इथे आहे. कव्हरचं नवं चित्र, रेकॉर्डचा रंग, प्रतीचा अनुक्रमांक हे सगळं ठळक छापलेलं असतं आणि आवाज मूळ टेपवरून घेतला, टेपच्या नकलेवरून, जुन्या रेकॉर्डवरून की एमपीथ्रीवरून, याबद्दल अनेकदा एक ओळही नसते. ‘रिमास्टर्ड’ हा शब्द यातल्या चारही प्रकारांना लावता येतो.

टेप खराब झाली असेल तर चांगल्या जुन्या रेकॉर्डवरून केलेली प्रतही मला चालेल. फक्त तसं सांगा. पाकिटावर दुधाचं फॅट लिहावं लागतं, तर ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

‘५० वर्षं झाली, आता हे सगळ्यांचंच’ असा एक युक्तिवाद विक्रेते करतात. तो चुकीचा आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षं केली. १९७३ ची रेकॉर्ड २०४३ पर्यंत कुणाची तरी आहे. माझ्या पैशातला एक छदामही चिप्रियानींच्या वारसांकडे गेला नसणार, हे उघड आहे.

मग ‘मर्यादित आवृत्ती’ वाईट का?

वाईट नाही. छोट्या कंपनीला हजारभर प्रती छापून अंगावर घेणं परवडत नाही, हे मान्य. पण त्या काळी यातल्या कित्येक रेकॉर्ड आकाशवाणी केंद्रं आणि दिग्दर्शक यांच्यापुरत्या थोड्याच छापल्या जात, आणि म्हणूनच त्या दुर्मीळ झाल्या. आता पुन्हा ५०० छापायच्या, दोन दिवसांत संपवायच्या आणि महिन्याभराने तिप्पट दराने फिरताना बघायच्या, तर आपण तीच टंचाई हाताने तयार करतोय. निदान भाजलेल्या टेपची डिजिटल प्रत कायम उपलब्ध ठेवा. काही कंपन्या ठेवतात, त्यांचं कौतुक.

आणखी एक गोष्ट चांगल्या आवृत्त्यांनी केली: वादकांना, गायकांना नाव दिलं. मोरिकोनेंच्या कितीतरी चित्रपटांत शब्दाविना गाणारा तो उंच आवाज एद्दा देल्लोर्सो यांचा. लिओनेच्या वेस्टर्नपटांतली शीळ आणि गिटार अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. जुन्या कव्हरवर अशी नावं शोधूनही सापडत नसत.

आपल्याकडे काय?

मुंबईच्या गुन्हेपटांचं संगीतही या वाटेने गेलं, पण वेगळ्या पद्धतीने. १९९९ मध्ये अमेरिकेत ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा अल्बम आला. कल्याणजी-आनंदजी यांच्या चित्रपटसंगीतावर डॅन द ऑटोमेटर या निर्मात्याने नवे ताल चढवलेले. ऐकायला मजा येते, पण ते पुनर्प्रकाशन नव्हे. आपल्या रेकॉर्ड कंपन्यांनी विकली ती मुख्यतः गाणी. पाठलागाचं, मारामारीचं पार्श्वसंगीत बहुतेक वेळा संवादांत आणि ढिशुमढिशुममध्ये मिसळून चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतच राहिलं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा आहे. १९७५ ची रेकॉर्ड २०३५ संपताना मोकळी होईल. पण जे वेगळं काढून ठेवलंच नाही, ते मोकळं होऊनही हाती लागणार कसं?

परवा त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात आली. या वेळी लाल रंग, ३०० प्रती. मी मेल टाकून एवढंच विचारलं, ‘मूळ स्रोत कोणता?’ चोवीस तासांत उत्तर आलं: पोस्टर मोफत मिळेल.