अकरा पाइप मोजणारे

नववीतल्या एका मुलाने परवा मधल्या सुट्टीत मोबाइल पुढे केला. "सर, देखो, जिन का असर!" क्लिप दिल्लीतल्या बुराडीची होती. ३० जून २०१८ची रात्र. घरातल्या बायका स्टूल आणताहेत, मुले वायरी आणताहेत. कुणालाच घाई नाही. सकाळी त्याच घरात अकरा मृतदेह सापडले.

चॅनेलवाल्यांनी तेव्हा भिंतीतून बाहेर आलेले अकरा पाइप मोजले! खरी गोष्ट घरातल्या वह्यांत होती. २००७ मध्ये वडील वारले. धाकटा मुलगा त्यांच्या नावाने हुकूम देऊ लागला, आणि घर अकरा वर्षे ते पाळत राहिले. ही आत्महत्या नव्हे, विधी करताना झालेला अपघात, असे मानसशास्त्रीय तपासणीत निघाले. त्यांना मरायचेच नव्हते.

आपण मात्र अजून जिनवरच अडलोय. पोरगा रात्रभर जागतो, एकटाच बडबडतो, की चालले आमिलकडे. ताबीज, धुनी, दम केलेले पाणी. डॉक्टर सगळ्यांत शेवटी, तेही मोहल्ल्यापासून लपवून. वर मलाच ऐकवतात, "ताजुद्दीन बाबाही पागलखान्यात होते." होते की, १८९२ ते १९०८, आपल्याच नागपुरात. म्हणून तुमच्या लेकराची गोळी बंद करायची? तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्यापाशी २००१ मध्ये साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांना कुठल्या जिनने बांधले होते?

मुलाला विचारले, घरी असे कुणी आहे का? बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मामू. रमजानपासून गोळ्या बंद आहेत."

आज मगरिबनंतर त्यांच्याकडे जातोय.