पाटे वाढले, ब्रेक तेवढेच

परिवहन आयुक्त, कर्नाटक राज्य, बंगळूर यांना खुले पत्र



चिटगुप्प्याकडे नवी पिकअप घेतली की ती आधी पाटेवाल्याकडे जाते. मागच्या कमानीत दोन पाटे वाढवायचे, लांब यू-बोल्ट आवळायचे, मग गाडी ‘तयार’. लिंबू-मिरची त्यानंतर. (पत्र मराठीत लिहितो आहे, कारण पाटेवाल्यांनी आणि ड्रायव्हरांनीही ते वाचावे. आपल्या कार्यालयात कुणी कानडीत सांगेलच.)

पाटे हौसेने कुणी वाढवत नाही. तूर, सोयाबीन, आले हुमनाबादला किंवा जहिराबादला न्यायचे तर भाडे पोत्यावर ठरते आणि डिझेल खेपेवर जळते. पासिंग १.३ किंवा १.७ टनांचे असले, तरी हौद्यात त्याहून जास्त माल चढतो. मग मागचा भाग बसतो, टायर घासतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. पाटेवाला हे सगळे सरळ करून देतो. त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही.

पण पाटा फक्त गाडी वर धरतो. एक्सल, हबचे बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक कंपनीने दिले तेच राहतात. त्यातही एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अनेक पिकअपना मागच्या एक्सलपाशी एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. चासी एक्सलच्या किती जवळ आली, यावरून त्याला गाडीतले वजन कळते आणि तेवढा जोर तो मागच्या ब्रेकला सोडतो. पाटे वाढवले की भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि ऐन भाराच्या वेळी मागचा ब्रेक कमी लागतो. पुण्या-हैदराबादच्या हायवेवर पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला, तर काय होईल ते सांगायला नको. परतीच्या रिकाम्या खेपेत तीच गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर तिची मागची चाके घसरतात.

व्हॉल्व्ह फसतो तसा रस्त्यावरचा तपासणारा माणूसही फसतो. तो आधी कमान पाहतो. कमान वाकलेली नसली की गाडी सुटते. कायदा कडक नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. एवढा कायदा हाताशी असताना वजन डोळ्यांनी का जोखायचे? गाडी काट्यावर न्यायला लावण्याचा अधिकार कलम ११४ देते. काटे बाजार समितीत आहेत, साखर कारखान्यांत आहेत.

फिटनेसला गाडी येते तेव्हा पाटे मोजायला लावा आणि व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे का, ते बघा. आठ वर्षांपर्यंतची गाडी दोन वर्षांनी येते, जुनी दरवर्षी. खराब रस्त्यासाठी कंपनीने ब्रेकसकट तपासून दिलेला मजबूत संच कुणी बसवत असेल, तर तो आरसीवर नोंदवून घ्या. पासिंग मात्र वाढणार नाही, हेही तिथेच छापा. नाहीतर संच म्हणजे जादा मालाचा परवाना, असा अर्थ आमच्याकडे दुसऱ्या दिवशी निघेल.

आणि दंड नेहमी ड्रायव्हरच्याच खिशातून जातो, ते थांबवा. कलम १९४ मध्ये जादा भाराची गाडी चालवणारा जसा येतो, तसा ती चालवायला लावणाराही येतो. माल भरून देणाऱ्या व्यापाऱ्याकडे वजनाची पावती असते. पुढच्या वेळी गाडी अडवली की ती पावतीही मागवा आणि दंडाच्या कागदावर त्याचेही नाव घाला.

आपला,
चिटगुप्पा तालुक्यातील एक पिकअपमालक