मांडवाआधी आगाऊ

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीनं नोकरी सोडून इव्हेंट कंपनी काढली. परवा पेढ्यांबरोबर सोनेरी कडांचं कार्डही हातात पडलं. विचारलं, "आगाऊ किती घेतेस?" तर म्हणते, "काका, सगळी ओळखीचीच माणसं आहेत हो!" धंदा बसतो तो इथंच. फुलांची कमान, थंड धुराचे फवारे कुणीही सुचवेल. पण मांडववाला आणि आचारी रोख मागतात, आणि वधूपिता पाठवणीनंतर फोन उचलत नाही. निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय एक बांबूही रोवू नये, समोर सख्खा मामा का असेना. (मामाकडून तर आधी घ्यावेत.) वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी आलीच. शिवाय आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा मुहूर्तांचा दुष्काळ, गोडाऊनचं भाडं मात्र चालूच. त्या दिवसांत बारशी धरावीत, कंपन्यांचे कार्यक्रम धरावेत, आणि साठीशांत तर अजिबात सोडू नये: पाहुणे वेळेवर येतात, पंगत लवकर उठते, आणि रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करा म्हणून सांगायला पोलीस येतात तेव्हा मंडळी झोपलेली असतात.